शिरोरेषेची जाडी

नागपुरात धरमपेठेतून किंवा वर्धा रोडवरून संध्याकाळी चालत निघाले, की दुकानांच्या पाट्या वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो. दागिने, लग्नाचे कपडे, घड्याळे, अत्तरे असा महाग माल विकणारी दुकाने आपली इंग्रजी नावे बहुधा एकाच घराण्यातल्या अक्षरांत लिहितात. उभ्या रेघा भरदार, आडव्या रेघा केसाएवढ्या, आणि रेघ जिथे संपते तिथे सुईसारखी सरळ, बारीक पट्टी. जाड आणि बारीक यांच्यातला हा टोकाचा विरोध डोळ्यांना लगेच काहीतरी सांगतो. इथे घाई नाही, इथे भाव करत नाहीत, इथे आत वातानुकूलन आहे. याच पाटीवर मराठी नावही असते. ते बहुधा एकाच जाडीच्या, ठोकळेबाज अक्षरांत असते आणि जागेत बसावे म्हणून आडवे दाबलेले असते. एकाच दुकानाची ही दोन नावे शेजारी पाहिली, की एक मालकाचे आणि दुसरे पहारेकऱ्याचे वाटते.

महाराष्ट्रात दुकानांच्या नावांत मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपींतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, अशी तरतूद २०२२मध्ये झाली. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना तिच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तरतूद योग्यच आहे. परंतु कायदा फूटपट्टी लावू शकतो. अक्षर किती उंच, हे त्याला मोजता येते. ते कोणत्या तोलाचे, हे मोजता येत नाही. उंची सारखी झाल्यावर तर अक्षरांमधली विषमता अधिकच उघडी पडली. मराठी अक्षराला अशी ऐट नसतेच, की आपण ती त्याच्याकडे कधी मागतच नाही, हा प्रश्न मला त्या पाट्यांनी घातला आणि तो बरीच वर्षे सोबत राहिला.

प्रथम त्या परक्या ऐटीचे कूळ पाहायला हवे. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने अक्षरांतल्या बारीक रेघा अधिक बारीक केल्या. त्याचे व्हर्जिल १७५७मध्ये निघाले. अशी रेघ खडबडीत कागदावर उठत नाही, म्हणून त्याने कागद गुळगुळीत करून घेतला, शाई बदलली आणि छापलेली पाने तापलेल्या पत्र्यांत दाबली. पुढे पॅरिसमध्ये दिदो घराण्याने आणि इटलीत पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख असलेल्या जांबात्तिस्ता बोदोनीने (१७४०–१८१३) हीच वाट शेवटपर्यंत नेली. बोदोनीच्या अक्षरनमुन्यांचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८१८मध्ये त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. त्याची पाने पाहिली की लक्षात येते, हे अक्षर लेखणीपेक्षा तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्याच्या हत्याराशी अधिक जवळचे आहे.

या अक्षराचा श्रीमंतीशी संबंध कुठून आला, याचे उत्तरही इथेच आहे. शिशाच्या खिळ्यावरची केसाएवढी रेघ लवकर झिजते, कागद वाईट असला तर तुटते, शाई पातळ असली तर भरून जाते. ती नीट उमटवायची तर कागद, शाई, यंत्र आणि माणूस, चारही उत्तम लागतात. म्हणजे बारीक रेघ ही मुळात परवडल्याची खूण होती. विसाव्या शतकात पाश्चात्त्य फॅशन-नियतकालिकांनी आपल्या मथळ्यांसाठी हेच घराणे उचलले. आज संगणकावर या रेघेला दमडीही जास्त पडत नाही. तरीही खूण मागे राहिली आहे. राजवाडा गेला तरी त्याच्या कमानीची नक्कल हॉटेलांच्या दारांवर राहते, तसेच हे.

बास्करव्हिलच्या अक्षरांची एक गंमत बेंजामिन फ्रँकलिनने १७६०मधल्या एका पत्रात लिहून ठेवली आहे. या बारीक रेघांनी सगळ्या देशाचे डोळे जातील, असे म्हणणारा एक जाणकार त्याला भेटला. फ्रँकलिनने त्याच्यापुढे बास्करव्हिलचा म्हणून एक नमुना ठेवला. प्रत्यक्षात तो कॅसलॉनचा होता, म्हणजे त्या गृहस्थाच्या रोजच्या वाचनातलाच. गृहस्थांनी त्यातही डोळे दुखवणारे दोष एकेक करून दाखवले. डोळा पाहतो त्यापेक्षा मन अधिक पाहते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. त्या धरमपेठेतल्या पाटीवरचे इंग्रजी अक्षर मला उंची वाटते, यात अक्षराचा वाटा किती आणि माझ्या संस्कारांचा किती, हे मीही वेगळे काढू शकत नाही.

आता नागरीकडे येऊ. जाड-बारीक रेघांचा खेळ नागरीला नवा नाही. तो बोरूतून आला. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, आणि रोमन लिपी लिहिणाऱ्याच्या लेखणीचा कल ज्या बाजूला असतो त्याच्या उलट बाजूला नागरीच्या बोरूचा असतो. परिणामी रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड होते, तर नागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या बोरूने उभी आणि आडवी रेघ जवळजवळ सारख्याच जाडीची उमटते. काना भरदार आणि शिरोरेषाही भरदार. बारीकपणा जातो तो वळणांत, गाठी सुटतात तिथे, एक अवयव दुसऱ्याला भेटतो तिथे. नागरीची नजाकत सांध्यांत आहे, खांबांत आणि तुळयांत नाही.

बोदोनीचा नियम याच्या नेमका विरुद्ध आहे. उभे ते सारे जाड, आडवे ते सारे बारीक. हा नियम जसाच्या तसा नागरीला लावला, तर पहिला बळी शिरोरेषेचा जातो, कारण तीच या लिपीतली सर्वांत लांब आणि न चुकणारी आडवी रेघ. रोमन अक्षरे पायाखालच्या जमिनीवर उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. जमीन पुसली तरी उभे राहिलेले माणूस ओळखू येते. दोरीच काढून घेतली, तर वाळत घातलेल्या कपड्यांचे काय होणार? म्हणून उंची, जाड-बारीक अक्षर नागरीत आणू पाहणाऱ्या प्रत्येक अक्षरकाराला एक निर्णय घ्यावा लागतो: शिरोरेषा किती जाड ठेवायची? तपशिलाचा वाटणारा हा प्रश्न खरे तर, आपली लिपी कशावर उभी आहे, हा प्रश्न आहे.

हे सारे मला पुस्तकांतून कळण्याआधी एका पुस्तकाच्या निमित्ताने कळले. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी गेले. आयुष्यभर त्यांनी मराठी शिकवले, इतरांच्या ग्रंथांची मुद्रिते तपासली, शुद्धलेखनावरून संपादकांशी भांडणे केली, आणि स्वतःच्या कविता मात्र वहीत ठेवल्या. त्या आम्ही चौघांनी मिळून छापायचे ठरवले. पाच फर्म्यांचे, ऐंशी पानांचे छोटे पुस्तक. मजकुराबद्दल काकूंचे काही म्हणणे नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, “त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या. आता त्यांचं नाव तरी जरा देखणं छापा.”

अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला मी हे सांगितले. तो हुशार होता आणि स्पष्टवक्ताही. “मॅडम, इंग्लिशमध्ये पाहिजे तेवढी व्हरायटी आहे,” तो म्हणाला. “मराठीत साधा आणि बोल्ड. डिझायनर पाहिजे असेल तर लग्नपत्रिकेवाले आहेत ना.” लग्नपत्रिकेवाले म्हणजे काय, ते आपण सर्व जण ओळखतो. वेलांटीला वेल फुटलेले आणि उकाराला मोराची मान आलेली अक्षरे. म्हणजे त्याच्या संगणकात मराठीसाठी दोनच अवस्था होत्या, कार्यालय आणि मंगल कार्यालय. मधली जागा, जिथे एखादे गंभीर आणि देखणे नाव ठेवता येईल, ती रिकामी होती.

सुदैवाने ती जागा प्रत्यक्षात तितकी रिकामी राहिलेली नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४मध्ये ‘रोझा वन’ नावाचा टंक काढला. मोठ्या मथळ्यांसाठी घडवलेला, जाड आणि बारीक यांतला विरोध टोकाला नेणारा, आणि नागरी व रोमन दोन्ही लिपी असलेला. तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो. तो मी त्या मुलाला दाखवला आणि त्याच जातीचे आणखी एकदोन मिळवले. त्यांतल्या एकात सरांचे नाव मुखपृष्ठावर मोठ्या आकारात लावले, तेव्हा आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. काने एखाद्या वाड्याच्या खांबांसारखे, आणि वळणे इतकी बारीक की श्वास रोखून काढल्यासारखी. मराठी नाव असेही दिसू शकते, हे त्या मुलाने पहिल्यांदाच पाहिले होते. खरे म्हणजे मीही.

मग दोन अडचणी आल्या. पहिली पुस्तकाच्या कण्यावर. ऐंशी पानांच्या पुस्तकाचा कणा तो केवढा! तिथे नाव बारीक आकारात आणि गडद रंगावर पांढरे घ्यायचे होते. चाचणीची प्रत काढून पाहिली. भोवतालची शाई बारीक रेघांत पसरली आणि त्या भरून गेल्या. उरले ते एका ओळीत उभे असलेले पांढरे काने. ते नाव राहिले नव्हते, कुंपण झाले होते. कारण साधे आहे. मोठ्या आकारासाठी काढलेले अक्षर लहान केले, की त्यातला विरोध त्याच प्रमाणात राहतो, पण कागदावर न टिकणाऱ्या जाडीपर्यंत रेघ उतरते. शिशाच्या काळात प्रत्येक आकाराचा पंच वेगळा कापत, त्यामुळे लहान आकारातली बारीक रेघ कारागीर थोडी जाड ठेवी. आता एकच आराखडा सगळ्या आकारांना ताणता येतो, आणि ताणण्याची सोय हीच अडचण होते. कण्यावर आम्ही साधे, मजकुराचेच अक्षर घेतले.

दुसरी अडचण अधिक खोलची होती. सरांच्या आडनावात ‘ल’ही होता आणि ‘श’ही. टंकाने दोन्ही हिंदी वळणाची दिली. सर आयुष्यभर पाकळ्यांचा ‘ल’ काढत आले होते. फळ्यावरही त्यांच्या ‘ल’च्या दोन पाकळ्या सारख्या असत.

इथे नागपूरकराला थोडे थांबावे लागते. हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होते, आणि त्या प्रांतात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांचे लोक एकाच विधिमंडळात, एकाच विद्यापीठात आणि एकाच बाजारात होते. ‘नवभारत’ हे हिंदी दैनिक इथेच जन्मले. ‘लोकमत’ इथूनच १९७१मध्ये दैनिक झाले. दोन्ही भाषांची लिपी एक, म्हणून आपण गाफील राहतो. परंतु नागरी अक्षरांची मुंबई वळणाची आणि कलकत्ता वळणाची अशी दोन कुळे छपाईत पूर्वापार आहेत. विसाव्या शतकात प्रमाणीकरण झाले, तेव्हा हिंदीने ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही मुंबईची वळणे स्वीकारली. ‘ल’ आणि ‘श’ मात्र आपापल्या घरी राहिले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला नव्याने प्रमाणित केली, तेव्हा या दोन अक्षरांची मराठी वळणे अधिकृत ठरली. तरी संगणकावर आधी येऊन उभी राहतात ती बहुधा हिंदीचीच. मराठी वळणे कित्येक टंकांच्या पोटात असतात, पण मजकूर मराठी आहे असे यंत्राला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत, आणि कित्येकांत ती नसतातच.

नागपूरकराला हिंदी ‘ल’ परका नाही. आम्ही तो रोज वाचतो, आमच्या बोलीत तर हिंदी शब्दही निःसंकोच नांदतात. मुद्दा वैराचा नाही. ज्या माणसाचे नाव आहे, त्याच्या हाताचे वळण त्याच्या नावात असावे, एवढाच आहे. आमच्या त्या मुलाने टंकाच्या अंतरंगाची यादी उघडली आणि शेकडो चिन्हांतून मराठी ‘ल’ आणि ‘श’ शोधून काढले. नशिबाने त्या टंकात दोन्ही होते. मग त्याने त्यांच्या भोवतीच्या मोकळ्या जागा एकेक करून जुळवल्या. त्यात एक संध्याकाळ गेली. तिचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी मला निर्णयसागरची आठवण होत होती. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली काम शिकून पुढे १८६४मध्ये स्वतःची ओतशाळा आणि १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कापलेल्या पंचांतून जी नागरी अक्षरे ओतली गेली, ती पुढे नागरी मुद्रणाची मोजपट्टी ठरली. ती अक्षरे आजही डोळ्यांसमोर धरावीत. काना भरदार, शिरोरेषा ठाम, आणि गाठी, वळणे, सांधे यांत जाडी कशी हलके हलके उतरते! जोडाक्षरे दाटीवाटीची, तरी एकमेकांचा गळा न धरणारी. विरोध आहे, पण टोकाचा नाही. बोरूची आठवण राखणारा, पण शिशाला सोसेल इतकाच.

आणि ही अक्षरे छापत काय होती? एकीकडे ‘काव्यमाला’. १८८६पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादून काढलेली ती संस्कृत ग्रंथमाला, जी अभ्यासकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती गेली. दुसरीकडे पंचांग. देवघराजवळच्या खुंटीला टांगलेले, हळदीकुंकवाचे डाग पडलेले, वर्ष सरताच रद्दीत जाणारे पंचांग. बोदोनीची सर्वांत देखणी अक्षरे राजांच्या दिवाणखान्यात गेली. आपली सर्वांत देखणी अक्षरे तिथी, नक्षत्र आणि राहुकाळ सांगत स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहिली. छापील नागरीला आपण ‘बाळबोध’ म्हणतो, लहान मुलालाही कळावे अशी. मोडी ही घाईची, कारभाराची लिपी होती. बाळबोध ही सावकाश, स्वच्छ, सर्वांसाठी. विल्यम केरी यांचे १८०५चे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले, तर १८१०च्या कोशासाठी मोडी आली. व्यवहार आणि स्वच्छता यांतली ही ओढाताण मराठी मुद्रणाच्या जन्मापासूनची आहे. परंतु देखणेपणा ही चैन आहे, असे त्या काळात कुणाला वाटल्याचे दिसत नाही. ती वाचणाऱ्याविषयीची रीत होती, जसे पाहुणा गरीब असला तरी पाट रांगोळी घालूनच मांडायचा.

ही रीत सुटली कशी? काटकसरीने, आणि काटकसरीला आपल्याकडे नेहमी एक नैतिक तेज असते. नागरीचे खण मोठे, खिळे शेकडो, जुळाऱ्याचा हात सारखा फिरता. टंकलेखन यंत्र आणि जुळणीची यंत्रे आली तेव्हा चिन्हे कमी करणे ही गरज झाली. नागपूरपासून हाकेच्या अंतरावर, वर्ध्यात, या सुधारणेची मोठी प्रयोगशाळाच होती. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या (स्थापना १९३६) प्रकाशनांत काका कालेलकरांच्या पुढाकाराची ‘अ’ची बाराखडी दिसे: ‘अि’, ‘अी’, ‘अु’. विनोबांनी पवनारहून लोकनागरीचा पुरस्कार केला. सावरकरांची लिपिशुद्धीही याच दिशेची. १९५३च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले, आणि पुढे तो निर्णय सोडून द्यावा लागला. या माणसांच्या हेतूंबद्दल मला आदर आहे. अक्षर स्वस्त झाल्याशिवाय साक्षरता पसरणार नव्हती. परंतु त्या चर्चांतून एक समजूत आपल्या मनात कायमची बसली: मराठी अक्षराने काम करावे, दिसण्याचे लाड त्याला परवडणार नाहीत. मग शिशाची अडचण संपली, यंत्राची अडचण संपली, तरी समजूत संपली नाही. संगणकाने शेकडो जोडाक्षरे विनासायास परत दिली आणि आपण ‘साधा आणि बोल्ड’ यावर समाधान मानले.

या समजुतीला साहित्याचे अध्यापन करणारे आम्ही लोकही खतपाणी घालतो. कवितेतला यतिभंग आम्हाला खटकतो. ‘ऱ्य’मधला ‘र’ मोडून पडलेला, वेलांटीची कमान तिच्या अक्षरापर्यंत न पोचलेली, रफार भलत्याच डोक्यावर चढलेला, हे आमच्या नजरेतून सुटते. बापूराव नाईकांनी नागरी मुद्राक्षरांवर लिहिलेला तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१मध्ये प्रसिद्ध केला. मराठीच्या किती विभागांत तो उघडला जातो? र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी होते, अक्षरकार होते, आणि विंडोज वापरणाऱ्या प्रत्येकाने वर्षानुवर्षे ज्यात मराठी वाचले तो ‘मंगल’ टंक त्यांच्या हातचा. त्यांच्या दृश्यकवितांचा उल्लेख लघुनियतकालिकांच्या चळवळीबरोबर होतो. परंतु ज्या अक्षरांत आपण तो उल्लेख वाचतो ती अक्षरेही त्याच कवीची असू शकतात, हे वर्गात कुणी सांगत नाही.

म्हणून ‘मराठीत बोदोनी हवा’ अशी मागणी करून मला थांबता येत नाही. जाड-बारीक विरोधाचे टोक मराठीत जाऊ शकते, आणि मोठ्या मथळ्यात ते फार देखणे दिसते, हे मी पाहिले आहे. असे टंक अधिक यावेत, त्यांत मराठी ‘ल’ आणि ‘श’ पहिल्या रांगेत असावेत. परंतु निव्वळ बारीक रेघ म्हणजे दर्जा, हे समीकरण उचलले तर आपण दुसऱ्याच्या राजवाड्याची कमान आपल्या दाराला लावू, एवढेच. आपल्या अक्षराच्या प्रतिष्ठेचा पत्ता वेगळा आहे. अलीकडची दोन उदाहरणे मला आश्वासक वाटतात. राज्य मराठी विकास संस्थेने सर्वांसाठी खुली केलेली ‘यशोमुद्रा’, जी मराठी मजकूर मराठी वळणाने आणि शांतपणे वाचू देते. आणि ‘टिरो देवनागरी मराठी’, ज्याचे मूळ मूर्ती ग्रंथमालेसाठी निर्णयसागरी वळण डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या अक्षरांत आहे आणि जो २०२२पासून कुणालाही मुक्तपणे वापरता येतो. दोन्हींत शिरोरेषा जागेवर आहे. दोन्हींत नजाकत सांध्यांत आहे. आणि दोन्ही फुकट आहेत, ही मला केवळ सोयीची गोष्ट वाटत नाही. पंचांगाची परंपरा ती हीच.

सरांचे पुस्तक निघाले. एक प्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी मुखपृष्ठावरून बोट फिरवले, ‘ल’शी थांबल्या आणि म्हणाल्या, “हा त्यांचाच आहे.” त्या जाडीबद्दल बोलल्या नाहीत, बारीक रेघांबद्दलही नाही. माझ्या मनातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाक्यात होते. उरलेले अर्धे आपल्याला, म्हणजे मराठी वाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांना द्यायचे आहे. अक्षर किती महाग दिसते यापेक्षा ते कुणाचे आहे आणि त्याच्यासाठी कुणी किती वेळ दिला, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली, तर पुढची पाटी रंगवणारा, पुढची पत्रिका छापणारा आणि पुढचे पाठ्यपुस्तक जुळवणारा माणूसही ते विचारू लागेल. पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना एखादी कविता देताना तिचा अर्थ विचारण्याआधी मी त्यांना एवढेच सांगणार आहे: पान डोळ्यांजवळ धरा, आणि शिरोरेषा कुठे तुटली आहे का ते पाहा.